कपड्यांतली वीज आणि पेट्रोल

खासबाग, बेळगाव

चि. मेघास अनेक आशीर्वाद.

ड्रायरमधनं काढलेला कुडता पायाला चिकटतो, गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसतो, हे तू फोनवर हसत सांगितलंस. आईपण हसली. मला मात्र झोप लागली नाही. त्याच हातानं तू पेट्रोल भरतेस.

आधी कपड्यांचं. दोन वेगळी कापडं घासून सुटली की एकावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. आपल्याकडच्या दमट हवेत कापडावर ओलाव्याचा पातळ थर असतो, त्यातनं तो विजेचा भार निघून जातो. तुझ्याकडं कॅनडात, कॅल्गरीची गोठलेली हवा घरात तापली की आर्द्रता 40 टक्क्यांच्या बरीच खाली येते, मग भार कापडावरच बसून राहतो. सूत वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून तर उन्हाळ्यात विणायच्या मागाच्या खोलीत फरशीवर पाणी मारायचं, नाहीतर ताण्याचे उभे धागे पिंजारतात, एकमेकांना चिकटून तुटतात. शाळेतनं आल्या आल्या दप्तर टाकून तांब्या तूच घ्यायचीस. आजोबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, तुला द्यायचे.

तर, सुती वेगळं वाळव. पॉलिस्टर-नायलॉन लोकरीबरोबर घालू नकोस. किंचित ओलं असतानाच काढ आणि दोरीवर टाक. खडखडीत वाळवण्यानंच भार चढतो. सॉफ्टनर शेवटच्या पाण्यात घाल, टॉवेलला नको, पाणी टिपत नाही मग. कुडता चिकटलाच तर लोखंडी हँगर आतल्या बाजूनं फिरव, पायाला लोशन लाव.

पेट्रोलचं पुन्हा काढणार नव्हतो. पण चटका जाणवतो म्हणजे अंगावर सुमारे 3000 व्होल्ट चढलेत. त्यात जीव नसतो, पण पेट्रोलच्या वाफेला एवढीशी ठिणगी पुरते. आणि थंडी आहे म्हणून पेटणार नाही असं समजू नकोस, उणे 40 अंशांतही ती वाफ पेट घेऊ शकते. सीटवरनं उठतानाच दाराचं लोखंड धरून उतर. नळी धरण्याआधी, टाकीच्या तोंडापासनं लांब, गाडीच्या पत्र्याला उघडा हात लाव, हातमोजा काढून. भरत असताना थंडी वाजली तरी गाडीत जाऊन बसायचं नाही. बसून उठलीस की भार पुन्हा चढतो. पेटलंच तर नळी ओढून काढू नकोस, लांब हो आणि माणसांना हाक मार.

परत भाषण झालं बघ, रागावू नकोस. इथं पंपावरचा पोरगा भरून देतो, तू तिथं बर्फात एकटी सगळं करतेस. गल्लीत सांगताना माझा ऊर भरून येतो, आणि रात्री तीच गोष्ट डोळ्यांसमोर येते. हातमोजा काढ तेवढा.

आईनं दोन सुती परकर शिवलेत. साडीखाली तेच घाल, सॅटिनचा नको. पार्सलमध्ये कुंदा आहे, तो आधी काढून घे, तूप परकराला लागेल.

तुझे बाबा