नुसत्या भेटीगाठी पुरेशा नाहीत

महोदय,

समाजातील निरनिराळ्या गटांमधला दुरावा कमी व्हावा म्हणून स्नेहमेळावे भरवावेत, अशी सूचना वारंवार केली जाते. हेतू चांगलाच आहे; पण नाव, पेहराव किंवा बोलण्याची ढब पाहून माणसावर जो शिक्का मारला जातो, तो तासाभराच्या गप्पांनी आणि एकत्र छायाचित्र काढून पुसला जाईल, असे मला वाटत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच याची मांडणी केली होती. संपर्काने पूर्वग्रह ओसरायचे असतील तर भेटणाऱ्यांचा दर्जा निदान त्या प्रसंगापुरता समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी परस्परांचे सहकार्य लागावे आणि या साऱ्याला संस्थेचे पाठबळ असावे, असे त्यांचे म्हणणे होते. मालक आणि नोकर वर्षानुवर्षे रोज भेटतात, तरी एकमेकांविषयीचे ग्रह सुटत नाहीत, ते का, हे यावरून कळते.

टेक्ससमधील ऑस्टिन येथे वेगवेगळ्या वंशांची मुले प्रथमच एका वर्गात आली आणि भांडणे होऊ लागली, तेव्हा १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाचवीच्या मुलांना धडाच वाटून दिला. वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचे सहा भाग सहा जणांकडे; प्रत्येकाने आपला भाग इतरांना शिकवायचा, परीक्षा मात्र संपूर्ण धड्यावर. इंग्रजी मातृभाषा नसलेला एक मुलगा अडखळू लागला, तशी बाकीच्यांनी त्याची टर उडवली. पण त्याच्याकडचा भाग दुसऱ्या कोणाकडेच नाही आणि तो समजला नाही तर गुण आपलेच जातील, हे ध्यानात येताच टोमणे थांबले, नेमके प्रश्न विचारले जाऊ लागले आणि त्या मुलालाही सांगणे जमू लागले. सौहार्दावर व्याख्यान कोणी दिले नव्हते, हे मला विशेष वाटते.

एक अडचण तरीही उरते. ओळख झालेल्या माणसाला आपण सहज अपवाद ठरवतो. ‘तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही’ हे वाक्य स्तुती म्हणून उच्चारले जाते (ऐकणाऱ्याला कसनुसे हसावे लागते, ते निराळेच). त्यामुळे एकटा माणूस सुटतो, गटाविषयीचे मत मात्र शाबूत राहते. म्हणून एखाद्या प्रतिनिधीला व्यासपीठावर बसवण्यापेक्षा अनेकांना एकाच कामात, जबाबदारी खरोखर वाटून देऊन, गुंतवणे अधिक उपयोगी ठरेल. मेळावे भरवणाऱ्या संस्थांनी पाहुण्यांची यादी करण्याआधी, कोणत्याही एका गटाला एकट्याने पेलणार नाही असे काम निवडावे, ही विनंती.

– एक वाचक