हातमोज्याचं बोट

मिशिगन, जुलै

ती. बाबांस,
सा. न.

सोबतच्या डबीत मासे धरायच्या तीन ट्यूबा, म्हणजे मऊ प्लास्टिकची पोकळ आमिषं, दोन जिगहेड आणि एक मोठा गळ आहे. गळांच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळली आहे, ती आईसमोर सोडू नका. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही हसलात, "हे तर हातमोज्याचं कापलेलं बोट, याला कुठला मासा फसणार?" म्हणून म्हटलं, तुमच्या हातातच द्यावं.

फसतो, बाबा. पण ते बोट सरळ बसलं तरच. पहिला अख्खा हंगाम माझं तेवढंच चुकत होतं. ट्यूब जराशी तिरकी बसली की ओढताना ती भिंगरीसारखी फिरते. दोरीला पीळ चढत जातो आणि दुपारपर्यंत रिळावर गुंताच गुंता. मी रीळ बदललं, दोरी बदलली, शेवटी रॉडलाही दोष दिला. दोष माझ्या अंगठ्याचा होता.

आता एक ट्यूब हातात घ्या. साडेतीन इंचांची आहे. एक टोक बंद आणि गोल, ते नाक. दुसरं उघडं, त्याला बारीक चिरलेली झालर. आतून पोकळ. जिगहेड म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेलं शिसं. त्यातून वर आलेली बारीक कडी दोरी बांधायला. आत काही घालायच्या आधी जिगहेड ट्यूबच्या शेजारी धरून बघा, कडी कुठे येणार आणि गळाचा बाक कुठे. मग शिसं ओलं करा. पाणी चालेल, इथे सगळे सरळ थुंकी लावतात. झालरीच्या बाजूने डोकं आत घाला आणि बाहेरून चिमटीत धरून पुढे सरकवत न्या. कोरडं असेल तर मधेच अडकतं, आपण जोर लावतो आणि बाजूची भिंत फाटते. डोकं नाकाला टेकलं की कडी वरच्या बाजूला आहे ना ते बोटाने चाचपा. प्लास्टिकखाली तिचा बारीक उंचवटा लागतो. तिथेच नखाने दाबा, कडी आरपार बाहेर येईल. गळाचा बाक झालरीपाशी राहिला पाहिजे, टोक वर. मग नाकासमोर धरून एक डोळा मिटून बघा. कडी आणि टोक एका रेषेत नसतील तर काढा आणि पुन्हा घाला. कंटाळा करू नका, मी करायचे.

जिगहेड दोन वजनांचे दिले आहेत. हलकं साडेतीन ग्रॅमच्या आसपास, जड साधारण साडेदहा. फरक मोठा आहे. हलकं घातलं की ट्यूब गिरक्या घेत खाली जाते, मरायला टेकलेल्या माशासारखी, आणि बास (मी धरते तो मासा) बहुतेक वेळा ती खाली जातानाच धरतो. दोरी एकदम ढिली पडली किंवा बाजूला सरकली, एवढीच खूण. हाताला झटका लागण्याची वाट पाहत बसलात तर तो केव्हाच थुंकून मोकळा झालेला असतो. जड घातलं की ती सरळ तळाला जाते. वाऱ्यावर होडी वाहत असताना तिला तळावरून नुसतं फरफटत न्यायचं.

फरफटणं इथे का चालतं, ते ऐका. मी जाते ते लेक सेंट क्लेअर, डेट्रॉइटच्या वरच्या अंगाला. ह्युरॉन आणि ईरी या दोन मोठ्या सरोवरांच्या मधलं हे उथळ तळं, सरासरी खोली जेमतेम साडेतीन मीटर. 1988 साली इथे झेब्रा शिंपले सापडले, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेले. ते पाणी गाळून खातात, त्यामुळे तळं काचेसारखं नितळ झालं. 1990 मध्ये सेंट क्लेअर नदीत गोबी सापडला. हसू नका, माशाचंच नाव आहे. मूळचा काळ्या समुद्राकडचा. याला हवेची पिशवी नसते, म्हणून तरंगत राहणं जमत नाही. तळावर बसायचं, चार बोटं सरकायचं, पुन्हा बसायचं. स्मॉलमाउथ बास आता त्याच्यावर पोसतो. तपकिरी-हिरवी ट्यूब तळावरून सरकताना हुबेहूब गोबी दिसते, आणि मागे उसळली की क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव. शिंपल्यांचा एक जाच मात्र आहे. त्यांच्या धारेवर दोरी घासते. दर थोड्या वेळाने शेवटची हातभर दोरी ओठांतून ओढून बघते. खरखरीत लागली की तेवढी कापून नव्याने गाठ.

उरलेला मोठा गळ पाणगवतासाठी आहे. गवतात उघडं टोक चालत नाही, दर फेकीला भारा वर येतो. म्हणून हा नाकाच्या मधोमध टोचून साधारण अर्धा सेंटीमीटर आत नेऊन खालून काढायचा, मग उलटा फिरवायचा. ट्यूब सैल लोंबू द्या, बाक जिथे टेकतो तिथून दोन्ही भिंतींतून आरपार, आणि टोक वरच्या सालीत जेमतेम लपवायचं. पुढे दोरीत बंदुकीच्या गोळीसारखं शिसं ओवायचं. हा गळ एवढा पसरट का, तर माशाने चावलं की पोकळ ट्यूब चपटी होऊन बाकात गोळा होते. तिला मावायला जागा हवी, नाहीतर टोक बाहेरच येत नाही. पोकळ असण्याचा फायदाही तोच. भरीव रबर इतकं सहज दबत नाही.

ट्यूबा डबीत आडव्या, सरळ ठेवा. वाकड्या पडल्या तर तशाच राहतात. मग गरम पाण्यात बुडवून सरळ कराव्या लागतात. आणि दुसऱ्या कुठल्या मऊ प्लास्टिकच्या आमिषाला चिकटवून ठेवू नका. मी ठेवलं होतं, महिन्याभराने डब्यात चिकट रबडी.

आईला सांगा, मी मासे सोडून देते. इथे जूनच्या तिसऱ्या शनिवारच्या आधी धरलेला बास लगेच सोडावाच लागतो. त्यानंतरही 14 इंचांखालचा ठेवता येत नाही. मी मोठेही सोडते. गळाची उलटी नांगी पक्कडीने दाबून टाकली की टोक सहज निघतं. डबीतल्या गळांच्याही दाबल्या आहेत.

आधी टेबलावरच दोन-चारदा बसवून बघा. एक ट्यूब फाटणारच, म्हणून तीन पाठवल्या. कडी मधोमध आली की नाकासमोरून फोटो काढून पाठवा, बाजूने काढलेला चालणार नाही.

तुमची,
ताई