लठ्ठपणा, पाकीटबंद खाणे आणि खाण्याचा वेग

महोदय,

लठ्ठपणावरच्या बातम्यांत आणि आरोग्य पुरवण्यांत दोन सूर आलटून पालटून ऐकू येतात. माणसांना जिभेवर ताबा नाही, हा एक. कारखान्यातून आलेले सगळेच वाईट, हा दुसरा. पहिल्यात तथ्य नाही. दुसऱ्यात थोडे आहे, पण दुकानात उभे राहून काय घ्यायचे आणि काय ठेवून द्यायचे, हे त्यातून कोणालाच कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये जगातल्या सुमारे 250 कोटी प्रौढांचे वजन जास्त होते आणि त्यांतले 89 कोटी लठ्ठ होते. 1990 पासून प्रौढांमधला लठ्ठपणा दुपटीहून अधिक वाढला, किशोरवयीन मुलांमधला चौपट झाला. इतक्या माणसांचा मनोनिग्रह एका पिढीत ढासळला, असे म्हणणे हास्यास्पद आहे. बैठे काम, अपुरी झोप, काही औषधे, आनुवंशिकता ही कारणे आहेतच. त्यांवर पुष्कळ लिहिले जाते. आमचे म्हणणे अन्नापुरते आहे: किती प्रक्रिया झाली यापेक्षा त्या प्रक्रियेमुळे दर मिनिटाला किती कॅलरी पोटात जाऊ लागल्या, हे पाहायला हवे. (कॅलरी म्हणजे इथे पाकिटावर छापतात ती किलोकॅलरी.)

याला सर्वांत भक्कम आधार अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा संशोधक असलेल्या केविन हॉल यांच्या 2019 च्या प्रयोगाचा. 20 प्रौढांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवले. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न (मूळ घटक मोडून, त्यांत रंग-स्वाद वगैरे मिसळून कारखान्यात केलेले), दोन आठवडे जवळपास मूळ रूपातले. समोर ठेवलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, मीठ आणि तंतू (फायबर) दोन्हीकडे सारखे. हवे तेवढे खा, ही मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी 0.9 किलोने वाढले. दुसऱ्या आहारावर तेवढेच उतरले. जास्तीच्या कॅलरी पिष्ट आणि स्निग्ध पदार्थांतून आल्या, प्रथिने जवळपास तेवढीच राहिली. आणि खाण्याचा वेग मिनिटाला सुमारे 17 कॅलरींनी जास्त होता.

या प्रयोगातली एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अतिप्रक्रिया केलेल्या ताटात तंतू इतके कमी होते, की ते दुसऱ्या ताटाच्या बरोबरीला आणण्यासाठी पेयांत तंतूंची पूड विरघळवावी लागली. आकडा जुळला, पण पेय वगळून उरलेल्या घन अन्नात दर ग्रॅममागे कॅलरी जवळपास दुप्पट राहिल्या. म्हणजे कागदावर दोन्ही ताटे सारखी, तोंडात मात्र वेगळी.

कॅलरींची ही दाटी येते कुठून? मुख्यतः पाणी काढून टाकल्याने. उकडलेल्या बटाट्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असते, 100 ग्रॅमला साधारण 85 कॅलरी. त्याच बटाट्याच्या चिप्समध्ये पाणी जेमतेम दोन टक्के उरते आणि त्याची जागा तेल घेते. 100 ग्रॅमला सुमारे 540 कॅलरी. 50 ग्रॅमच्या पाकिटातल्या 270 कॅलरी उकडलेल्या बटाट्यातून घ्यायच्या तर 300 ग्रॅमहून जास्त बटाटे चावून खावे लागतील. ‘तळलेले नाही, भाजलेले’ असे लिहिलेल्या पाकिटाचेही गणित फार बदलत नाही. तेल थोडे कमी झाले तरी पाणी गेलेलेच असते, त्यामुळे आकडा 400 च्या वरच राहतो. हाच नियम घरी केलेल्या कोरड्या, कुरकुरीत पदार्थालाही लागू आहे, हेही मान्य करायला हवे. फरक एवढाच की घरचा पदार्थ करायला वेळ लागतो आणि तो चोवीस तास हाताशी नसतो.

दुसरे कारण म्हणजे अन्नाची मोडलेली घडण. फुगवलेले कुरकुरीत तुकडे कसे होतात ते पाहा. पीठ आणि थोडे पाणी एका नळकांड्यात घालतात. आतला मळसूत्री दांडा ते दाबत, घासत पुढे ढकलतो. तापमान 100 अंशांच्या बरेच वर असते, पण दाबामुळे पाण्याची वाफ होत नाही. पिठातला स्टार्च आतच पूर्ण शिजतो. साच्याच्या भोकातून बाहेर पडताक्षणी दाब सुटतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि पीठ फुगून पोकळ होते. मग वाळवणे, वरून तेलाचा फवारा, मीठ-मसाला. हा तुकडा तोंडात लाळ लागताच विरतो, चावायचे काम उरतच नाही. पोट भरल्याचा संदेश आतड्यातून मेंदूकडे पोहोचायला वेळ लागतो. तोवर पाकीट रिकामे झालेले असते.

चावणे गेले की काय होते, हे 1977 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या सफरचंदाच्या प्रयोगात दिसले. अख्खे सफरचंद, त्याचा गर आणि त्याचा रस हे तिन्ही त्याच माणसांना देऊन पाहिले, साखर प्रत्येकात तेवढीच. रस अख्ख्या फळापेक्षा 11 पट वेगाने संपला, गरापेक्षा चौपट वेगाने. आणि पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सर्वांत जास्त, रसाने सर्वांत कमी दिली. बदामांचे उदाहरण याहून बोलके आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी मोजले तेव्हा अख्ख्या बदामांतून शरीराला पाकिटावरच्या आकड्यापेक्षा बऱ्याच कमी कॅलरी मिळाल्या, कारण न फुटलेल्या पेशींतले तेल तसेच बाहेर पडते. त्याच बदामांचे लोणी केले की जवळपास सगळ्या कॅलरी अंगी लागल्या. पाकिटावरचे गणित ही घडण धरतच नाही. दळून, गाळून, पुन्हा थापून केलेल्या पदार्थाच्या कॅलरी मात्र पुरेपूर मिळतात.

पेये हा या साखळीचा शेवटचा टप्पा. तिथे चावणे शून्य. 330 मिलिलिटर कोलात सुमारे 35 ग्रॅम साखर असते, 140 कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना 2,000 कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर (मध आणि फळांचे रसही त्यातच) 50 ग्रॅमच्या आत, शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. एका डब्यात ही 25 ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते. पर्ड्यू विद्यापीठातल्या 2000 सालच्या प्रयोगात रोज 450 कॅलरी चार आठवडे साखरेच्या गोळ्यांतून आणि चार आठवडे गोड पेयातून दिल्या. गोळ्या खाणाऱ्यांनी बाकीचे जेवण आपोआप कमी केले. पेय पिताना मात्र जेवण तेवढेच राहिले आणि वजन वाढले. म्हणून वजन कमी करायचे असेल तर पहिला हात पेयाला लावा. कृत्रिम गोडव्याचे पेय हा साखरेचे पेय सोडतानाचा तात्पुरता पूल. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितले आहेच.

इथे अपेक्षेचा हिशेबही नीट मांडायला हवा. ‘7,700 कॅलरी वाचवल्या की एक किलो कमी’ हा लोकप्रिय हिशेब महिनोन्‌महिने लावला की फसतो, कारण वजन उतरते तसा शरीराचा खर्चही उतरतो. हॉल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दिलेला ठोकताळा असा: रोजच्या आहारात कायमची 24 कॅलरींची कपात झाली तर वजन शेवटी एक किलोने कमी होते, त्यातला निम्मा बदल वर्षभरात, जवळपास पूर्ण बदल तीन वर्षांत. रोजचा एक कोला सोडून त्याची भरपाई दुसऱ्या खाण्याने केली नाही, तर पहिल्या वर्षी साधारण तीन किलो आणि पुढच्या दोन वर्षांत आणखी जवळपास तेवढेच. आठव्या महिन्यात काटा मंदावला म्हणून ‘काही उपयोग नाही’ असे म्हणत माणसे सोडून देतात, ती याच गणिताच्या अज्ञानामुळे.

आता पाकीट हातात घेऊ. समोरची बाजू वाचूच नका. ती जाहिरात आहे. मागे 100 ग्रॅमचा रकाना शोधा. समजा बिस्किटांवर लिहिले आहे: ऊर्जा 480 कॅलरी, स्निग्धांश 20 ग्रॅम, कर्बोदके 68, त्यांतली साखर 25, प्रथिने 7, तंतू 2. शेजारच्या ‘एका वाढणी’च्या रकान्यात हाच पदार्थ 72 कॅलरींचा दिसेल, कारण वाढणी 15 ग्रॅमची धरलेली असते. दोन बिस्किटांवर कोण थांबतो? स्निग्धांशाला 9 ने आणि साखरेला 4 ने गुणा: 180 आणि 100. म्हणजे ऊर्जेचा 37 टक्क्यांहून जास्त भाग स्निग्धांशातून, सुमारे 21 टक्के साखरेतून. कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये ‘हात आवरत नाही’ अशा पदार्थांसाठी कसोट्या मांडल्या. दोन्ही वाटे 20 टक्क्यांच्या वर, ही त्यांतली एक. दुसऱ्या दोन कसोट्या स्निग्धांश अधिक मीठ आणि पिष्ट अधिक मीठ यांच्या आहेत. हे जोड निसर्गात क्वचितच सापडतात. गोड फळात तेल नसते, तेलकट बीमध्ये साखर नसते.

मग कर्बोदकांना तंतूंनी भागा. 68 भागिले 2, म्हणजे 34. धान्याच्या पदार्थात हा भागाकार 10 च्या आत असेल तर त्यात अख्खे धान्य खरोखर आहे असे समजायला हरकत नाही. ‘मल्टिग्रेन’ या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही, आणि तपकिरी रंग कॅरॅमलनेही येतो.

शेवटी घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि नेमकी तिथेच चलाखी होते. साखर एकाच नावाने लिहिली तर ती पहिली किंवा दुसरी येईल; म्हणून साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फळांच्या रसाचा अर्क अशी वाटणी केली की प्रत्येक नाव खाली सरकते. ही सगळी एकत्र धरून वाचा. स्टार्च मोडून केलेले माल्टोडेक्स्ट्रिन तर साखरेच्या आकड्यात धरलेच जात नाही, पण पोटात गेल्यावर ग्लुकोज व्हायला त्याला फारसा वेळ लागत नाही. ‘कमी चरबी’च्या पाकिटात चरबीच्या जागी काय घातले, ते याच यादीत सापडते.

सरसकट भीतीलाही आमचा विरोध आहे. ब्राझीलच्या कार्लोस मोंतेइरो यांनी 2009 मध्ये सुचवलेली ‘नोव्हा’ ही अन्नाची प्रक्रियेनुसार वर्गवारी उपयोगी आहे, पण तिच्या चौथ्या, म्हणजे अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या गटात कोला आणि अख्ख्या धान्याचा पाकीटबंद पाव शेजारी शेजारी बसतात. गोठवलेल्या भाज्या, डबाबंद कडधान्ये, साधे दही यांवरही प्रक्रिया झालेली असते, आणि त्यांना नावे ठेवून काहीच साधत नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या 2025 च्या चाचणीत 55 प्रौढांना दोन्ही प्रकारचे आहार आठ-आठ आठवडे दिले, दोन्ही सरकारी आहारसूचनांत बसणारे. वजन दोन्हींवर उतरले, पण कमी प्रक्रियेच्या आहारावर जवळपास दुप्पट: सुमारे 2 टक्के, विरुद्ध 1 टक्का. म्हणजे निवड नीट केली तर अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावरही वजन वाढेलच असे नाही. आणि तरीही फरक उरतोच.

लोकांनी दुकानात उभे राहून भागाकार करावेत, ही अपेक्षा मात्र फार काळ ठेवता येणार नाही. चिलीने 2016 पासून ठरलेली मर्यादा ओलांडणाऱ्या पदार्थांच्या पाकिटावर, दर्शनी भागात, इशाऱ्याचे काळे अष्टकोन सक्तीचे केले. मर्यादा टप्प्याटप्प्याने कडक होत 2019 मध्ये घन पदार्थांसाठी 100 ग्रॅमला 275 कॅलरी, 10 ग्रॅम साखर, 4 ग्रॅम संपृक्त स्निग्धांश आणि 400 मिलिग्रॅम सोडियम यांवर आल्या. असा शिक्का असलेला पदार्थ मुलांना उद्देशून जाहिरात करून विकता येत नाही, शाळेतही नाही. ब्रिटनने 2018 मध्ये पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला: 100 मिलिलिटरला 5 ग्रॅमपासून एक दर, 8 ग्रॅमपासून वरचा. कर लागू नये म्हणून अनेक कंपन्यांनी पेयातली साखरच कमी केली. ग्राहकाला एक अक्षरही न वाचता त्याचा लाभ मिळाला.

आपल्या दैनिकाकडून आम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत. पाकीटबंद खाद्यपदार्थांवरच्या लेखात आकडे नेहमी 100 ग्रॅम किंवा 100 मिलिलिटरला द्यावेत, कंपनीच्या ‘वाढणी’ला नव्हे. आणि आरोग्य पुरवणीत ‘पौष्टिक’ किंवा ‘हलके’ म्हणून एखाद्या तयार पदार्थाची शिफारस छापताना त्याच्या घटकांची पूर्ण यादी शेजारी चौकटीत छापावी. ती चौकटीत मावली नाही, तर शिफारस छापण्याआधी एकदा लेखकाला विचारावे.

आपल्या विश्वासू,
आहारशास्त्राच्या दोन अध्यापिका