वाचनाच्या वेळी तबला जुळवू नये

महोदय,

शास्त्रीय गायन आणि काव्यवाचन एकत्र गुंफणारे कार्यक्रम आता होऊ लागले आहेत, याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र गेल्या आठवड्यात अशाच एका मैफलीत तुकोबांचा अभंग वाचला जात असताना शेजारी तबला जुळवण्यासाठी त्याच्या गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामडी वेणीवर, हातोडी पडत होती आणि शेवटचा चरण त्या ठोक्यांत हरवला, याचे फार वाईट वाटले. कुमार गंधर्वांनी (१९२४–१९९२) सूरदास, कबीर, मीरा आणि तुकोबा यांच्या रचनांवर कार्यक्रम बांधताना शब्दाला सुरांइतकाच मान दिला होता. ख्यालाची बंदिश, म्हणजे ख्याल गायनातली बांधलेली शब्दरचना, जेमतेम चार ओळींची असते आणि ती पुनःपुन्हा कानी येते. वाचलेली ओळ मात्र एकदाच. आयोजकांनी वाद्ये आधीच जुळवून घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक श्रोता, पुणे