सिंह आणि एकशिंगी घोडा ही कारखान्याची ओळख नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला खानदेशातल्या जुन्या वाड्यांमधील वस्तूंवरचा लेख आमच्या घरात सगळ्यांनी वाचला. आपल्या भागातल्या वापरातल्या वस्तूंवर कुणी इतक्या आस्थेने लिहिले, याचा आनंद झाला. मात्र त्यातल्या एका छायाचित्राखालची ओळ दुरुस्त व्हायला हवी. पालथ्या घातलेल्या पांढऱ्या बशीच्या बुडावर सिंह आणि एकशिंगी घोड्याचा काळा छाप दिसतो आणि खाली छापले आहे, 'इंग्लंडच्या राजघराण्यासाठी बनवलेली दुर्मीळ बशी'. ती बशी राजघराण्यासाठी बनवलेली नाही, आणि हे त्या छापातच लिहिलेले आहे.

भुसावळला आमचे काचसामानाचे दुकान आहे. सासऱ्यांनी ते सुरू केले आणि माल हातात आला की आधी पालथा करून बूड बघायचे, ही सवय त्यांनीच मला लावली. छायाचित्र भिंगाखाली धरले तेव्हा राजचिन्हाच्या वर 'रॉयल आयर्नस्टोन चायना' आणि खाली 'जॉन्सन ब्रदर्स, इंग्लंड' ही अक्षरे स्पष्ट वाचता आली. जॉन्सन ब्रदर्स हा स्टॅफर्डशायर परगण्यातल्या हॅन्ली गावचा कारखाना, 1883 साली सुरू झालेला. आयर्नस्टोन म्हणजे रोजच्या वापराचा जाड, टणक माल. 'रॉयल' हा शब्द त्या मालाच्या नावातच होता. ढाल, मुकुट, सिंह आणि एकशिंगी घोडा हे ब्रिटनचे राजचिन्ह खरेच, पण मालाला वजन यावे म्हणून तिथल्या कितीतरी कारखान्यांनी ते आपल्या बशांखाली छापले. त्यामुळे चित्र सोडून आधी त्याच्या वरखालची अक्षरे वाचावीत. कारखान्याचे नाव तिथे सापडते.

अक्षरे वाचतानाही घाई नको. 'मीकिन' दिसले की लोक थांबतात. पण जे. अँड जी. मीकिन हा हॅन्लीचा कारखाना आणि आल्फ्रेड मीकिन हा टन्स्टॉलचा, जे. आणि जी. यांच्याच भावाचा वेगळा कारखाना. आद्याक्षरे सुटली की ओळख चुकते. 'वेजवुड'चेही तसेच. प्रसिद्ध इंग्रज कुंभार जोसाया वेजवुड यांच्या घराण्याचा ठसा नुसता 'वेजवुड' असा असतो. पुढे 'अँड कंपनी' असेल तर तो टन्स्टॉलचा दुसराच कारखाना.

आपल्या छायाचित्रातल्या 'इंग्लंड' या एका शब्दावरून बशीचे वयही कळते. अमेरिकेत जाणाऱ्या परदेशी मालावर देशाचे नाव इंग्रजीत हवे, असा तिथला कायदा 1891 पासून लागू झाला आणि इंग्लंडच्या कारखान्यांनी छापात 'इंग्लंड' घालायला सुरुवात केली. म्हणजे ही बशी 1891 नंतरची. 'मेड इन इंग्लंड' असे पूर्ण लिहिलेले असेल तर बहुधा विसाव्या शतकातली. जपानी मालावर त्याच कायद्यामुळे आधी 'निप्पॉन' (जपानचेच जपानी नाव) येऊ लागले, 1921 नंतर 'जपान' आले, आणि 'ऑक्युपाइड जपान' असेल तर तो कप 1945 ते 1952 या अमेरिकी ताब्याच्या काळातला. 'चेकोस्लोव्हाकिया' वाचले तर तो माल 1918 च्या आधीचा असूच शकत नाही, कारण तोवर तो देशच नव्हता.

आकड्यांनी मात्र फार लोक फसतात. बुडावर 'स्थापना 1759' असे असेल तर ते कारखान्याच्या जन्माचे साल, बशीचे नव्हे. 'आर. डी. नंबर' आणि पुढे आकडा असेल तर तो नक्षीच्या नोंदणीचा क्रमांक. ही नोंदणी 1884 साली एक आकड्यापासून सुरू झाली आणि 1900 उजाडेपर्यंत साडेतीन लाखांच्या पुढे गेली. म्हणून '1857' असा नोंदणी क्रमांक वाचून उठावाच्या वर्षाची बशी समजू नये. ती नक्षी 1884 च्या सुरुवातीला नोंदवलेली असते आणि बशी त्यानंतर केव्हाही बनलेली असू शकते. त्याआधी, 1842 ते 1883 या काळात, नोंदणीची खूण म्हणून पत्त्यांतल्या चौकटीसारखी, टोकावर उभी चौकट छापत. तिच्या कोपऱ्यांत अक्षरे आणि आकडे असतात आणि वरच्या टोकाला रोमन चार, म्हणजे मातीच्या मालाचा वर्ग. अशी चौकट कुणाकडे निघाली तर कृपया तिचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा.

आमच्या भुसावळला आणखी एक गुंता आहे, तो रेल्वेचा. इथे कितीतरी घरांत 'जी. आय. पी. आर.' लिहिलेल्या जाड प्लेटा आणि कप आहेत. लोक म्हणतात, रेल्वेने बनवलेले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बश्या बनवल्या नाहीत, तिने त्या आपल्या खानपानासाठी मागवल्या. वरची अक्षरे मालकाची, बनवणारा खाली. माझ्याकडे एका निवृत्त गार्डच्या सूनबाईंनी दाखवायला आणलेल्या प्लेटवर समोर रेल्वेची अक्षरे होती, पालथी केल्यावर मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्याचे नाव आणि कडेला, नखाएवढ्या जागेत, स्टॅफर्डशायरच्या कारखान्याचा ठसा. वापरणारा, विकणारा, बनवणारा अशी तीन नावे एकाच प्लेटवर. ही रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वेत गेली, म्हणून ती अक्षरे असलेला माल त्याआधीचा धरायला हरकत नाही.

पण मला सगळ्यात जास्त लिहायचे आहे ते बरणीबद्दल. आपल्या लेखात बरण्यांचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, 'साध्या देशी बरण्या' म्हणून, आणि त्याचेच मला वाईट वाटले. यावल, रावेर, चोपड्याकडच्या गावांतून जुन्या वस्तू विकत घेणारे फिरतात. सिंहाच्या छापाच्या बशीला ते वाटेल तो भाव सांगतात आणि दादरा बांधलेली कैरीची बरणी प्लास्टिकच्या टबाच्या बदल्यात उचलून नेतात. परवा एक आजीबाई बरणी कडेवर घेऊनच दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "मन्ही सासूनी बरनी शे हाई, इकू का?" मी त्यांना आधी बसवले आणि बरणीचे बूड धुतले.

बरणीवरचा ठसा कच्च्या मातीत दाबलेला असतो. त्यावर झिलई येते, ती खड्ड्यांत साचते, आणि मग अक्षरे असूनही दिसत नाहीत. तार, घासणी, अॅसिड यांतले काहीही लावू नये. बूड कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावे, चिमूटभर कणीक चोळून बोटाने अलगद पुसावे. पीठ खड्ड्यात राहते, उंचवट्यावरचे निघते. मग खोलीत अंधार करून टॉर्च समोरून न धरता बाजूने, बुडाला जवळजवळ टेकवून धरावी. सावली पडली की अक्षरे उभी राहतात. बुडावर काही नसेल तर खांद्याखाली आणि बुडाच्या वरच्या कडेला बघावे. आजीबाईंच्या बरणीवर आधी 'बर्न' दिसले आणि टॉर्च फिरवल्यावर 'राणीगंज'. बर्न अँड कंपनी ही हावड्याची मोठी कंपनी. बंगालच्या कोळसा पट्ट्यात राणीगंजला तिचा मातीकामाचा कारखाना होता. भट्टीच्या विटा आणि सांडपाण्याचे नळही तिथेच बनत. ती बरणी बंगालहून तापीकाठच्या स्वयंपाकघरात पोहोचली, आणि तिला आपण 'साधी देशी' म्हणून भंगारात घालतो!

मुंबई ते जबलपूर रेल्वे 1870 साली पूर्ण झाली, भुसावळ त्याच वाटेवर. नागपूरचा फाटाही इथूनच. सुरतेकडून तापी खोऱ्याची लाइन अमळनेर, जळगावला येते. म्हणून राणीगंजचा, जबलपूरचा, ग्वाल्हेरचा, सौराष्ट्रातल्या थान-मोरबीकडचा माल आपल्याकडे मिळतो, यात मला नवल वाटत नाही. कोणत्या गावात कुठला ठसा जास्त सापडतो याची नोंद झाली, तर आपल्या भागाच्या व्यापाराबद्दल बरेच काही कळेल.

नव्या मालाला जुना म्हणून खपवण्याबद्दल थोडेच लिहिते. राजचिन्हाचा छाप आज नव्या बशीवरही मारलेला मिळतो. जुन्या बशीची खालची कडा वर्षानुवर्षे फळीवर सरकून वेडीवाकडी झिजलेली असते, पॉलिश पेपरने घासलेलीवर रेघा एकाच दिशेने जातात. जुना छाप सहसा झिलईखाली असतो, त्यावरून नख फिरवले तर काही लागत नाही. 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेले असेल तर पुढे बोलायलाच नको.

आपल्या कुंभारांच्या भांड्यांवर मात्र नाव नसते. तापीकाठच्या सावळद्याची चार हजार वर्षांपूर्वीची रंगवलेली खापरे कोणी घडवली ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून अभ्यासक ती गावाच्या नावाने ओळखतात. आज रांजण, माठ घडवणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांची नावे विचारून लिहून ठेवणे तरी आपल्या हातात आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली आणि धुळ्यात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. जुन्या भांड्यांच्या बुडाखालच्या नोंदीही आपण जमवाव्यात, असे मला कळकळीने वाटते. आपण पुरवणीत एक चौकट द्यावी. वाचकांनी पूर्ण भांड्याचा एक, बुडाचा एक आणि बाजूने टॉर्च धरून ठशाचा एक फोटो पाठवावा, सोबत गाव आणि ते भांडे घरात कुणाच्या हाताने आले तेवढे लिहावे. पत्ते छापू नयेत, म्हणजे गावोगाव फिरणारे खरेदीदार दारात येणार नाहीत. ठसे वाचायला मी दुकानातून जमेल तेवढी मदत करीन. आजीबाईंनी बरणी विकली नाही. फोटो पाठवायला त्यांनी होकार दिला आहे.

आणि दुरुस्ती छापाल तेव्हा त्या बशीच्या घरच्यांना वाईट वाटणार नाही अशी छापावी. लेखातच म्हटले आहे की ती त्यांच्याकडे तीन पिढ्या रोज वापरात आहे. छायाचित्रात तिला एकही टवका दिसत नाही. हेही त्यात अवश्य लिहावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, भुसावळ