न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग आणि न मिळणारी पुस्तके

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबरातील पुणे पुस्तक महोत्सव आटोपला, की दोन प्रकारचा मजकूर नेमाने दिसू लागतो. एकात विकत घेतलेल्या पुस्तकांची चळत मांडून काढलेले छायाचित्र असते, तर दुसऱ्यात ‘ही मंडळी पुस्तके घेतात खरी, पण वाचतात किती?’ असा टोमणा असतो. दुसऱ्या प्रकारात मोडणारे एक पत्र नुकतेच आपल्या स्तंभात वाचनात आले. माझ्या घरातील दोन कपाटे आणि दिवाणाखालचा खण न वाचलेल्या पुस्तकांनी भरलेला असल्यामुळे तो टोमणा मला लागू पडतो, याविषयी घरात कोणाचे दुमत नाही. पुस्तके केवळ हव्यासापोटी घेतली जातात, हे पत्रलेखकाने केलेले निदान मात्र मला मान्य होण्यासारखे नाही. आज समोर असलेले पुस्तक दोन वर्षांनी मिळेल, याची कोणतीही खात्री मराठी वाचकाला कोणी देत नाही, आणि त्याच्या घरातील ढीग वाढण्याचे मोठे कारण तेच आहे.

या हंगामात माझ्याकडे आलेल्या पुस्तकांचाच दाखला देतो. प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून ठेवलेले कृष्णाकाठच्या गावांच्या इतिहासाचे दोन जाडजूड खंड आले. एका कन्नड कादंबरीचा अनुवाद, सहकारी साखर कारखानदारीवरील एक प्रबंध, एका निवृत्त शिक्षिकेचे आत्मचरित्र आणि दोन कवितासंग्रह महोत्सवातून आले. शिवाय दिवाळी अंक आहेतच, परंतु ते होळीपर्यंत वाचून संपत नसल्याने मी त्यांना हिशेबात धरत नाही. यांपैकी आत्मचरित्र आणि कविता मी महिनाभरात वाचीन. साखर कारखानदारीवरील प्रबंध कदाचित तीन वर्षे उघडणारही नाही, आणि तरीही या साऱ्या खरेदीत सर्वांत शहाणपणाची खरेदी तीच, असे माझे मत आहे. कवितासंग्रह कोणा मित्राकडे तरी सापडतो. असा प्रबंध पाचशे प्रतींत छापला जातो, त्यांतील काही अभिप्रायार्थ आणि भेटीदाखल जातात, उरलेल्या हळूहळू विकल्या जातात आणि शेवटची प्रत गेली, की पुस्तक बाजारातून कायमचे नाहीसे होते.

हे असे होण्यामागे कोणाचा दुष्टपणा नाही. हजार प्रतींची आवृत्ती ही मराठी प्रकाशनाची जुनी रीत होती. आता गंभीर विषयांच्या पुस्तकांसाठी हा आकडा पाचशे आणि कधी तीनशेवर आला आहे. पुनर्मुद्रण करायचे, तर कागद, छपाई आणि बांधणी यांचे पैसे आधी घालावे लागतात, आणि वर्षाला पन्नास प्रती जाणाऱ्या पुस्तकात ते पैसे कित्येक वर्षे अडकून पडतात. मागणीनुसार थोड्या प्रती छापण्याची सोय आता झाली आहे, परंतु त्यात प्रतीमागचा खर्च वाढतो आणि वाढीव किमतीला ग्राहक मिळेल की नाही, या शंकेने प्रकाशक थांबतो. परिणामी ‘आवृत्ती संपली, नवी केव्हा येईल सांगता येत नाही’ हे उत्तर ऐकण्याची सवय झालेला वाचक पुढच्या वेळी पुस्तक दिसताक्षणी उचलतो आणि वाचनाचे नंतर पाहू म्हणतो. यात हव्यास अजिबात नसतो, असे मी म्हणणार नाही. सवलतीचा फलक दिसल्यावर माझाही हात सैल सुटतो. पण भाववाढीच्या धास्तीने वर्षाचे धान्य भरून ठेवणाऱ्या गृहिणीला आपण हावरट म्हणत नाही.

त्यातच तालुक्याच्या गावी पुस्तकांचे दुकान म्हणून जे काही उरले आहे, तेथे वह्या, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शक आणि शालेय पुस्तके यांच्यापलीकडे फारसे काही मिळत नाही. त्यामुळे जेथे पुस्तके एकत्र दिसतात, तेथे जाऊन एकदमच घ्यायची, असा रिवाज पडला आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण साहित्य संमेलनात किंवा पुण्यातही दिसत नाही. ते ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीच्या परिसरात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर दिसते. रात्रभर प्रवास करून आलेली, दिवसाच्या मजुरीवर जगणारी माणसे तेथून पुस्तकांच्या पिशव्या घेऊन परततात. ती सारी पुस्तके आठवडाभरात वाचून होतात का, असा प्रश्न त्यांना विचारण्याचे धाडस कोणी करू नये. वर्षातून एकदा जे हाती लागते, ते घरात येऊन पडले पाहिजे, मग मुलगी वाचील, नातू वाचील, हा त्यामागचा विचार आहे आणि तो पूर्णपणे व्यवहारी आहे. राज्य शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध करायला घेतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांचे पुढे काय झाले, हे आठवून पाहावे. मागणी प्रचंड असताना छपाई रखडल्याच्या बातमीची डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या ग्रंथांना ग्राहक शोधावा लागत नाही, त्यांची ही गत असेल, तर साखर कारखानदारीवरील प्रबंधाने कोणाकडे दाद मागावी?

आता यावर ‘विकत कशाला घेता, ग्रंथालयातून आणा’ हे उत्तर तयार असते. ते उत्तर खरे ठरले, तर मला आनंदच होईल, कारण वाळवी, कसर आणि पावसाळ्यातील ओल यांच्याशी झुंजण्याचा मला वैयक्तिक शौक नाही. परंतु महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला, तेव्हा कर्नाटक आणि तमिळनाडू या राज्यांच्या कायद्यांप्रमाणे ग्रंथालय उपकराची, म्हणजे ग्रंथालयांसाठीच वसूल होणाऱ्या जादा कराची, तरतूद आपण केली नाही, आणि तेव्हापासून आपली ग्रंथालये शासनाच्या वार्षिक अनुदानाकडे डोळे लावून बसली आहेत. बऱ्याच वर्षांच्या मागणीनंतर २०२२ मध्ये त्या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर झाली, हे खरे. पण त्यातूनच कर्मचाऱ्यांचे तुटपुंजे वेतन, जागेचे भाडे, वीज आणि नियतकालिके भागवल्यावर शासकीय प्रतवारीत खालच्या ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाकडे नव्या ग्रंथांसाठी किती उरणार? जे उरते, त्यात वर्गणीदारांना हव्या असलेल्या कादंबऱ्या आधी घ्याव्या लागतात, आणि त्यात ग्रंथपालाची चूक नाही.

जुन्या संग्रहांची अवस्था तर अधिक नाजूक आहे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर ही १८६४ मध्ये स्थापन झालेली संस्था. २००५ च्या आणि पुन्हा जुलै २०२१ च्या महापुराचे पाणी तिच्या ग्रंथांत शिरले. अशा वेळी समाज मदतीला धावतो, देणग्या येतात, पेट्या भरून पुस्तके येतात. मात्र जी प्रत बुडाली, तीच पुन्हा मिळवायची म्हटले, तर पैसे हाती असूनही ती बाजारात नसते. तेव्हा ती कोठे असते? कोणा वाचकाच्या घरी, बहुधा न वाचलेल्या ढिगात.

माझ्या ताज्या खरेदीत असेच एक पुस्तक आहे. ते मी पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून घेतले आणि घरी आल्यावर आत एका ग्रंथालयाचा गोल शिक्का, दाखलअंक आणि त्यावर मारलेला ‘बाद’ असा तांबडा शेरा दिसला. मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरलेली आहे. म्हणजे हे पुस्तक एके काळी दर पंधरा दिवसांनी नव्या घरी जात होते. बांधणी उसवली म्हणून ते रद्दीच्या भावात निघाले असावे, कारण आतील पाने शाबूत आहेत आणि बांधणाऱ्याने तासाभरात ते नीट केले असते. आता ते माझ्या कपाटात आहे आणि माझ्याखेरीज कोणाच्याही उपयोगाचे नाही. ढिगाच्या बाजूने मी कितीही युक्तिवाद केला, तरी हा दोष त्यात आहे आणि टीका करायचीच असेल, तर ती येथे व्हावी. पुस्तक न वाचणे हा खाजगी मामला आहे. ते एखाद्याच्याच घरी असणे आणि इतरांना त्याचा पत्ताच नसणे, हा सार्वजनिक प्रश्न आहे.

यावर करता येण्याजोगे काही अगदी साधे आहे. जिल्ह्यातील सर्व अनुदानित ग्रंथालयांची एक संयुक्त सूची असावी आणि एका ग्रंथालयाच्या सभासदाला दुसऱ्यातील पुस्तक मागवता यावे. टपाल खात्याने पुस्तके स्वस्तात पाठवण्याची नोंदणीकृत बुक पोस्टची जुनी सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. पण १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेत ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपयांत आणि पाच किलोपर्यंतचे पार्सल १०० रुपयांत जाऊ शकते. एवढा खर्च वाचकही आनंदाने सोसेल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले अनेक ग्रंथ संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला ठेवले आहेत. जी पुस्तके पुन्हा छापणे परवडत नाही, ती लेखकाच्या किंवा वारसांच्या संमतीने खाजगी प्रकाशकांनीही अशी ठेवायला काय हरकत आहे? पडद्यावर वाचणे मला स्वतःला रुचत नाही, परंतु मिळेल एवढी खात्री असली, तरी खरेदीची घाई निम्म्याने कमी होईल.

एक विनंती थेट आपल्याकडे आहे. आपल्या रविवार पुरवणीत पुस्तक परीक्षणाखाली प्रकाशक, पृष्ठे आणि मूल्य छापले जाते. त्यासोबत किती प्रतींची आवृत्ती आहे, पुस्तक टपालाने कोठून मागवता येईल आणि लेखकाची आधीची कोणती पुस्तके आज उपलब्ध आहेत, एवढी माहिती प्रकाशकाकडून घेऊन छापावी. दोन ओळी वाढतील, आणि कोणते पुस्तक आज घ्यायचे व कोणते पुढच्या वर्षावर टाकायचे, हे माझ्यासारख्याला ठरवता येईल.

आपला,
एक नियमित वाचक,
कराड