१७७३ पर्यंत लोक श्वास कसा घ्यायचे?

संपादक साहेब, नमस्कार,

गेल्या रविवारी गोव्यात रायबंदर ते चोडण फेरीबोटीनं जाताना आमच्यात जे बोलणं झालं ते तुमच्या पेपरात यावं असं फार वाटतंय म्हणून लिहितेय. सोबत माझा भाचा, वय ९, आणि माझे बाबा म्हणजे त्याचे आजोबा, हायस्कूलात सायन्स शिकवून रिटायर झालेले. मये गावाला निघालेलो, धक्क्यावर ही गर्दी, फेरी येईपर्यंत पोरानं दम धरायची स्पर्धा लावली. नाक दाबून, गाल फुगवून, मी मोबाइलवर सेकंद मोजतेय, ३८ ला त्याचा दम सुटला आणि धापा टाकत टाकत विचारतो काय तर "आजोबा, श्वासाचा शोध कुणी लावला?"

बाबा म्हणाले, ऑक्सिजन का? प्रीस्टले, १७७४.

"मग १७७३ पर्यंत लोक काय करायचे?"

रांगेतले सगळे हसले. बाबाही हसले पण त्यांनी विषय सोडला नाही, म्हणाले अरे हवा होतीच, फक्त तिच्यात काय काय आहे ते माहीत नव्हतं, शील नावाच्या माणसाला तर हा वायू प्रीस्टलेच्या आधीच सापडला होता पण त्यानं छापायला उशीर केला, आणि ऑक्सिजन हे नाव ठेवलं लाव्हाझिएनं. पोराचं समाधान नाही. "शोध नको, पहिला श्वास कुणी घेतला ते सांगा."

तेवढ्यात फेरी लागली, आम्ही आत गेलो, आणि आत जे चाललं ते मी जसंच्या तसं सांगते. बाबा म्हणाले फार पूर्वी हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, समुद्रात सायनोबॅक्टेरिया नावाचे जंतू होते, ते उन्हावर आपलं अन्न करायचे आणि ऑक्सिजन बाहेर टाकायचे, त्यांच्या दृष्टीनं तो कचरा. तो साठत गेला आणि साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत टिकायला लागला. भाचा दोन मिनिटं गप्प, मग म्हणतो, "म्हणजे कचरागाडी आली नाही म्हणून आपण आहोत?" बाजूचे एक काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

समोरून एक बार्ज, खनिज वाहणारी बोट, चाललेली. बाबांनी तिच्याकडे बोट केलं. सुरुवातीचा ऑक्सिजन हवेत आलाच नाही म्हणे, समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं त्याला तो गंजवत बसला, आणि तो गंज तळाला थराथरानं साचला. आपल्याकडचं लोखंडाचं खनिज तसल्याच साचलेल्या थरांतून आलंय. आम्ही डिचोलीचे, खाणींची लाल धूळ आयुष्यभर बघितली, धुतली, तिच्यावरून भांडलो पण तिचा आपल्या श्वासाशी असा संबंध असेल हे मला त्या दिवशी कळलं, बाबांची मुलगी असून!

मग एक मासेवाली मावशी, टोपली पायाशी ठेवून सगळं ऐकत होती, ती म्हणाली "नुस्त्याक विचार रे बाबा, तें आमचे पयलीं आयलां," म्हणजे माशांना विचार, ते आपल्या आधी आले. आणि बाबा म्हणाले अगदी बरोबर! फुप्फुसं जमिनीवर आल्यावर उगवली नाहीत, ती आधी माशांमध्येच आली. २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाला एलझमेअर बेटावर टिकटालिक नावाच्या माशाचे अवशेष मिळाले, सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा, पंखांच्या आत पायासारखी हाडं, आणि कल्ल्यांबरोबर बहुतेक फुप्फुसंही असणार असं शास्त्रज्ञ मानतात.

इथे एक गृहस्थ मला म्हणाले, बाई, मोबाइल द्या की त्याच्या हातात, गप्प बसेल. मला खूप लागलं ते. पोर विचारतंय, आजोबा सांगतायत, मासेवाली भर घालतेय, आणि आपल्याला ते बंद करायचंय?

चोडणला उतरलो तर ओहोटी होती. धक्क्याजवळच सलीम अली अभयारण्य, खारफुटीतला चिखल उघडा पडलेला, त्यात निवटी उड्या मारत होती. हा मासा ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या ओलाव्यातून हवेतला ऑक्सिजन घेतो म्हणून पाण्याबाहेर फिरू शकतो, अंग सुकलं की मात्र संपलं. भाचा कठड्याला चिकटून बघत राहिला, मग हळूच म्हणाला "ह्याचं अजून ठरत नाहीय." तिवराच्या झाडाभोवती चिखलातून वर आलेल्या काड्या पेन्सिली रोवल्यासारख्या दिसतात, त्या मुळ्याच, चिखलात हवा नसते म्हणून श्वास घ्यायला वर येतात. त्यांच्यावर कुणी भराव टाकला की झाड गुदमरून मरतं, हे ऐकून तो एकदम गंभीर झाला.

परतीच्या वाटेवर शेवटचा प्रश्न, "मी पहिला श्वास कधी घेतला?" मी सांगितलं, जन्मलास तेव्हा, रडलास ना, तेव्हा. पोटात असताना फुप्फुसात पाणी असतं, ऑक्सिजन आईकडून नाळेतून येतो. तर तो ओरडला, "म्हणजे मी नऊ महिने दम धरला! मग स्पर्धा मीच जिंकलो!"

साहेब, रविवारच्या पुरवणीत मुलांच्या अशा प्रश्नांना अर्धा कॉलम द्या ना. वेडे वाटणारे प्रश्न तसेच छापा, दुरुस्त करू नका, आणि उत्तरं आपल्या नदीतली, खाजनातली म्हणजे खाडीकाठच्या शेतातली, खाणीतली द्या. आमच्याकडचे सतरा प्रश्न वहीत लिहून तयार आहेत, मी पाठवते. आणि वाचकांपैकी कुणाला निवटी बघायची असेल तर ओहोटीची वेळ बघून जा, भरतीला काहीच दिसत नाही, आणि चिखलात उतरू नका, काठावरूनच बघा, त्या मुळ्या पायाखाली मोडतात.

आपली एक वाचक, डिचोली